जवळची वाट आणि पळवाट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या ड्रॉइंगच्या सरांच्या वर्गात मी याच वास्तूत चार वर्षे बसलो. त्यांच्याकडून मी चित्रकला शिकलो असे म्हटले तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांनी शिकवली, एवढेच खरे. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला मला बोलावले, ही संस्थेची कृपा समजतो आणि आरंभीच कृतज्ञता व्यक्त करतो.

निमंत्रणाच्या पत्रात चिटणीसांनी ‘विषय आपल्या आवडीचा’ असे लिहिले होते. मी उलट टपाली विषय कळवला, ‘त्रिमित रचना आणि कळफलकावरील लघुआज्ञा’. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. फार सौजन्याने त्यांनी विचारले, की सर, पाकिटात चुकून दुसऱ्या कोणाचे पत्र तर पडले नाही ना? त्यांची शंका रास्त होती. ज्याचे आयुष्य संतवाङ्मय आणि व्याकरण शिकवण्यात गेले, त्याने सत्तरी उलटल्यावर संगणकाच्या कळांविषयी बोलावे, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटणारच. पण या विषयाकडे मी हौसेने गेलेलो नाही. एका घराने मला तिकडे नेले.

दांडिया बाजारात आमचा जुना वाडा होता. ‘होता’ म्हणतो, कारण आज त्या जागी दुसरी इमारत उभी राहते आहे. भावकीत सर्वांच्या सह्या झाल्या, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात वाडा रिकामा करून देण्याची तारीख ठरली. हातात एकोणीस दिवस होते. माझी नात तेव्हा वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. ती म्हणाली, “आजोबा, वाडा राहणार नाही, हे ठरलं. पण तो कसा होता, हे तरी राहू दे. मी त्याची त्रिमित प्रतिकृती करते. तुम्ही टेप धरा आणि मापं लिहून घ्या.” अशा रीतीने त्या एकोणीस दिवसांपुरती मला माझ्या नातीकडे उमेदवारी मिळाली.

आपल्यापैकी ज्यांना त्रिमित रचना म्हणजे काय हे ठाऊक नसेल, त्यांनी सरांच्या कपाटातील प्लास्टरचे घन, शंकू आणि दंडगोल आठवावेत. सर ते टेबलावर मांडत आणि आम्ही आपापल्या बाकावरून ते कागदावर उतरवत असू. माझ्या बाकावरून जे दिसे तेवढेच माझ्या कागदावर येई. मागची बाजू मला ठाऊक नसे. संगणकावरील प्रतिकृतीला मागची बाजूही असते, वरची आणि खालचीही असते. ती फिरवता येते, आत शिरून पाहता येते. आडवी, खोल आणि उभी अशा तीन दिशांची मापे तिथे एक्स, वाय आणि झेड या तीन अक्षरांनी ओळखली जातात. नात वापरत होती त्या साधनाचे नाव ब्लेंडर. ते कोणालाही विनामूल्य मिळते.

पहिल्या दिवशी मी जे पाहिले ते सांगतो. मी टेपचे टोक धरून माप उच्चारी आणि वहीत लिही. ती ओसरीच्या पायरीवर संगणक मांडीवर घेऊन बसलेली. तिचा उजवा हात माऊसवर आणि डावा कळफलकावर. मी म्हणालो, “कोनाडा उंबऱ्यापासून एक पूर्णांक वीस मीटर.” तिची बोटे तीनचार वेळा हलली आणि कोनाडा त्या जागी जाऊन बसला. ना तिने कोठली यादी उघडली, ना कोठले चित्र शोधले. मला ती हातचलाखी वाटली. मी जरा रागानेच म्हणालो, “अगं, शॉर्टकट नको. काम नीट होऊ दे.” ती हसली आणि म्हणाली, “आजोबा, हेच नीट आहे.”

मित्रहो, तिच्या त्या वाक्यावर मी तेव्हापासून विचार करतो आहे. आपल्या भाषेत ‘शॉर्टकट’ हा शब्द बदनाम आहे. गाईड वाचून उत्तीर्ण होणे हा शॉर्टकट, वशिल्याने नोकरी मिळवणे हाही शॉर्टकट. पण मराठीत दोन वाटा पूर्वीपासून वेगळ्या आहेत. एक जवळची वाट आणि दुसरी पळवाट. जवळच्या वाटेने जाणारा त्याच मुक्कामाला पोहोचतो, फक्त लवकर. पळवाटेने जाणारा मुक्काम टाळतो. कळफलकावरील लघुआज्ञा या दोहोंपैकी काय आहेत, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी त्या आज्ञांची घडण पाहू. ब्लेंडरमध्ये एखादी वस्तू निवडून जी ही कळ दाबली की ती वस्तू हातात आल्यासारखी होते आणि हलवता येते. आर दाबले की ती फिरते, एस दाबले की लहानमोठी होते. या तीन कळा म्हणजे तीन धातू समजा. आता धातूला दिशा लावायची. जी आणि मग एक्स दाबले, तर वस्तू फक्त आडवी सरकेल. पुढे आकडा द्यायचा. जी, एक्स, १.२, एंटर. म्हणजे ‘हलव, आडवे, एक पूर्णांक दोन मीटर, ठरले.’ आर, झेड, ९० म्हणजे उभ्या अक्षाभोवती काटकोनात फिरव. एस, झेड, ० म्हणजे उंची शून्य कर, सपाट करून टाक. शिफ्टसह झेड दाबले तर अर्थ उलटतो. ‘उंचीखेरीज बाकी दोन्ही दिशांना’ असा तो अपवाद होतो. आणि ऑल्ट ही कळ धातूच्या आधी लागली की निषेधाचा उपसर्ग लागल्यासारखे होते. ऑल्टसह जी म्हणजे हलवलेले रद्द, ऑल्टसह आर म्हणजे फिरवलेले रद्द.

हे ऐकताना माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. मी नातीला म्हणालो, “अगं, हे वाक्य आहे!” वस्तू आधी निवडायची, म्हणजे कर्म प्रथम. मग क्रिया. मग दिशा आणि परिमाण, म्हणजे क्रियाविशेषण. कर्म आधी आणि क्रिया नंतर, हा क्रम तर आपल्या मराठीचाच. या भाषेत धातू थोडे, प्रत्यय त्याहून थोडे, आणि त्यांच्या संयोगातून आज्ञा मात्र असंख्य. पाणिनीने अष्टाध्यायीतील सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली, ती अशाच काटकसरीने. ‘अच्’ एवढे म्हटले की सगळे स्वर आले, ‘हल्’ म्हटले की सगळी व्यंजने आली. एका सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत पुन्हा न उच्चारता चालू राहते, त्याला आपण अनुवृत्ती म्हणतो. नातीने एकदा निवडलेली वस्तू पुढच्या आज्ञांना अशीच लागू राहत होती. तिला पुन्हापुन्हा ‘हा कोनाडा, हा कोनाडा’ असे सांगावे लागत नव्हते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. त्या पायरीवर तो आनंद मला प्रत्यक्ष झाला.

डावा हात कळांवर आणि उजवा माऊसवर, ही बैठकही आजची नाही. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ हा पडद्यावर रेखाटन करण्याचा कार्यक्रम सिद्ध केला. त्यात एका हातात प्रकाशलेखणी असे आणि दुसरा हात बटणांवर. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. माऊस सर्वांच्या लक्षात राहिला, पण त्यांच्या डाव्या हाताखाली पाच कळांचा एक लहानसा संचही होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या पाच कळा वेगवेगळ्या मेळाने एकदम दाबून एकतीस खुणा करता येत. उजव्या हाताने दाखवावे आणि डाव्याने सांगावे, अशी त्यांची कल्पना होती. आपल्याकडच्या तबलजीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. उजवा तबल्यावर आणि डावा डग्ग्यावर. दोन्ही मिळून एक बोल.

ब्लेंडरने ही परंपरा विशेष निष्ठेने पाळली, त्यालाही कारण आहे. नेदरलँड्समधील टॉन रूसेंडाल यांनी १९९४ साली ते रचले, ते आपल्या ॲनिमेशनच्या कार्यशाळेतील वापरासाठी. दिवसभर तेच काम करणाऱ्या कारागिरांच्या हाताला ते बेतलेले होते. पुढे ते चालवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. तेव्हा वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सोडवून घेतले, आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ते सर्वांसाठी खुले झाले. पुढे कित्येक वर्षे नवख्याला ते अवघड वाटे; २०१९ च्या २.८० या आवृत्तीपासून ते बरेच सोपे झाले. ‘फ्लो’ हा चित्रपट याच विनामूल्य साधनावर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. ज्या नगरीतील कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, त्या नगरीतील मुलांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. साधन महाग आहे, ही सबब आता उरलेली नाही.

आता वेग. लघुआज्ञांनी नेमका किती वेळ वाचतो? स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या तिघांनी १९८० साली यावर एक गणिती आराखडा मांडला. सरावलेल्या हाताला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतो. माऊसने पडद्यावरील एका जागी नेम धरायला सुमारे १.१ सेकंद. हात कळफलकावरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद. यावरून आपण हिशेब करू. हात माऊसवर नेला, यादी उघडली, तिच्यातील आज्ञा निवडली आणि आकडा देण्यासाठी हात परत आणला, की तीन सेकंदांच्या वर गेले. तेच काम कळेने पाव सेकंदात होते. तासाला दोनशे आज्ञा धरल्या, तर तासामागे दहा मिनिटे वाचली. एकोणीस दिवसांत पाडला जाणारा वाडा टिपायचा असेल, तर ती दहा मिनिटे थोडी नाहीत.

परंतु दहा मिनिटे हा खरा लाभ नव्हे. त्या तिघांनी आणखी एक आकडा दिला आहे. पुढे काय करायचे हे मनाशी ठरवायला सुमारे १.३५ सेकंद लागतात. हा वेळ बोटांचा नाही, चित्ताचा आहे. यादीत आज्ञा शोधणाऱ्याचे डोळे वस्तूवरून उठतात, पडद्याच्या कडेला जातात, पाचपंचवीस नावे चाळतात आणि परत येतात. परत येईतो मनातला आकार पुसट झालेला असतो. सरावलेल्या माणसाची नजर वस्तूवरून हलत नाही. सर आम्हांला सांगत, की पेन्सिलीकडे बघू नका, घटाकडे बघा. साठ वर्षांनी त्या वाक्याचा अर्थ मला नातीच्या डाव्या हाताने समजावला. मराठीत ‘कळ’ आणि ‘कळणे’ हे शब्द शेजारीशेजारी राहतात. कळ कोठे आहे हे पाहावे लागू नये, तेव्हाच वस्तू कळू लागते.

मग सगळेच लघुआज्ञा का शिकत नाहीत? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की लेखनाचे संगणकीय साधन वर्षानुवर्षे वापरणारी अनुभवी माणसेही बहुतांश कामे माऊस आणि चित्रांनीच करत राहतात. कारण समजण्यासारखे आहे. आज नवी आज्ञा शिकायची तर आजचे काम लांबते. लाभ पुढच्या महिन्यात व्हायचा असतो. आणि जुन्या रस्त्याने काम अडत तर नाहीच. मोडीचेही असेच होते. हात न उचलता झरझर लिहिता यावे म्हणून ती लिपी. पण ती आधी घटवावी लागे. घटवण्याचा काळ ज्याला सोसवत नाही, त्याला पुढचा वेग मिळत नाही.

येथवर मी लघुआज्ञांची बाजू मांडली. आता माझा अपराध सांगतो, कारण त्याशिवाय हे व्याख्यान अर्धसत्य ठरेल.

दहाव्या-अकराव्या दिवशी मला धीर आला. नात दुपारी महाविद्यालयात गेली की मी संगणक उघडून तिने सांगितलेली किरकोळ कामे करू लागलो. ओसरीला आठ खांब होते. तिने एकच खांब नीट घडवून त्याच्या सात प्रती केल्या होत्या, त्या ऑल्ट आणि डी या कळांनी. शिफ्ट आणि डी दाबून केलेली प्रत स्वतंत्र असते. ऑल्ट आणि डी दाबून केलेली प्रत मूळ आकाराशी बांधलेली राहते. एकीत केलेला बदल सर्वांत उतरतो. त्या दुपारी मी टॅब दाबून एका खांबाच्या आत शिरलो, म्हणजे त्याचे बिंदू आणि कडा बदलता येतील अशा स्थितीत गेलो. ए दाबून सगळे निवडले, खालच्या कडा न्याहाळल्या, आणि आता काम जपून ठेवावे म्हणून कंट्रोल आणि एस दाबायला गेलो. माझी करंगळी कंट्रोलवर पडलीच नाही. नुसते एस दाबले गेले. एस म्हणजे लहानमोठे करणे, हे आपण मघाशी पाहिले. माऊस किंचित हलला, काही घडलेसे दिसेना म्हणून मी टिचकी मारली, आणि मग कंट्रोलसह एस नीट दाबून ते काम जपून ठेवले. त्यानंतरही दोनतीनदा जपले. एकट्या आधीच्या जपणुकीची प्रत संगणक आपसूक बाळगतो. तीही त्यामुळे गेली.

वाडा ठरल्या दिवशी रिकामा झाला आणि पुढच्या पंधरवड्यात जमीनदोस्त झाला. त्यानंतर महिन्याभराने नात ओसरीचा उभा छेद काढत होती. ती म्हणाली, “आजोबा, खांब तुळईत घुसलेत. खालीही दगडात रुतलेत. खांब चुकला की तुळई चुकली?” मी काही बोलू शकलो नाही. बाहेरून मोठा केलेला खांब असता, तर बदलाचे प्रमाण बाजूच्या पट्टीत दिसले असते. मी आत शिरून बदल केला होता, त्यामुळे त्याची खूण कोठेच नव्हती. आणि जाऊन मोजावे, तर खांब कोठे होता? ज्या ओसरीवर माझ्या वडिलांनी मला बाराखडी गिरवायला बसवले, तिची उंची सांगायला जगात कोणी उरले नव्हते.

उरली होती ती माझी वही. तिच्या सोळाव्या पानावर माझ्या अक्षरात नोंद होती, ‘ओसरीचा खांब, उंची २.६० मी.’ प्रतिकृतीत तो २.७३ झाला होता. नातीने एका खांबात प्रवेश केला, ए दाबले, एस दाबले, बरोबरची खूण देऊन २.६० भागिले २.७३ हे गणितच तिथे टाइप केले, आणि एंटर. आठही खांब एका क्षणात आपल्या जागी आले. ज्या कळेने घात केला, तिनेच तो निस्तरला. दोन वेळांमधला फरक एवढाच, की पहिल्या वेळी कळ दाबणाऱ्याला आपण काय बोललो हे ठाऊक नव्हते, आणि दुसऱ्या वेळी पूर्ण ठाऊक होते.

मित्रहो, जवळची वाट आणि पळवाट यांतील भेद मला त्या सोळाव्या पानावर सापडला. सूत्र कितीही आटोपशीर असो, त्याच्यामागे वृत्ती असावी लागते. पाणिनीचे सूत्र पाठ करून वृत्ती न वाचणारा विद्यार्थी सभेत चूक करतो आणि ती त्याला समजतही नाही. ज्याने लांबची वाट एकदा पायी तुडवली आहे, टेप धरून मापे घेतली आहेत, यादीतून आज्ञा शोधून तिचा परिणाम पाहिला आहे, त्याच्यासाठी लघुआज्ञा हा संक्षेप आहे. ज्याने ते केलेले नाही त्याच्यासाठी ती पळवाट आहे, आणि तो कोठे चुकला हे त्याला खांब तुळईत घुसेपर्यंत समजत नाही. कळा दोघांच्याही त्याच असतात.

याला जोडून नावांविषयी थोडे बोलतो. संगणक नव्या वस्तूला स्वतःच नाव देतो, आणि ते ‘क्यूब’, ‘क्यूब ००१’, ‘क्यूब ००२’ असे वाढत जाते. वेगात काम करणारा तिकडे लक्ष देत नाही. आमच्या प्रतिकृतीत एक वेळ अशी आली, की पन्नासांवर ‘क्यूब’ झाले आणि त्यांतला कोनाडा कोणता व पायरी कोणती हे नातीलाच आठवेना. आमच्या वाड्याचे जुने कागद मोडीत आहेत. आजोबांना ते वाचता येत, वडिलांना अडखळत येत, आणि मी मराठीची डॉक्टरेट मिळवूनही एकेका ओळीवर संध्याकाळ घालवतो. लिहिणाऱ्याचा वेग वाचणाऱ्याच्या वाट्याला कष्ट होऊन येतो, याचे आणखी काय उदाहरण द्यावे? नाव बदलण्याचीही एक लघुआज्ञा आहे, एफ २. मी नातीला म्हणालो, “ही कळ आधी घटव.” मग आम्ही दोघे रोज संध्याकाळी नावे देत बसू. तिला तुळई, कडीपाट, दिवळी, उंबरा, खुंटी हे शब्द ठाऊक नव्हते. मला कळा ठाऊक नव्हत्या. ती मला एक कळ सांगे, मी तिला एक शब्द सांगे. वाडा गेला, पण ‘दिवळी, माजघर, पूर्वेची भिंत’ हे आता तिथे लिहिलेले आहे. माझ्या पश्चात कोणी ती प्रतिकृती उघडली, तर निदान तिच्याशी मराठीत बोलता येईल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांची अडचण वेगळी असेल. या कळांची अक्षरे इंग्रजी शब्दांवरून आली आहेत, आणि तो शब्द माहीत नसला की नुसती पाठांतराची शिक्षा उरते. मीही त्यातूनच गेलो. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मी माझी यादी केली. आत शिरून आकार घडवताना के ही कळ कापते. मी लिहिले, ‘काप’. जे दोन बिंदू जोडते, ‘जोड’. एम बिंदू एकत्र करते, ‘मिळव’. व्ही शिवण उसवावी तसे बिंदू सुटे करते, ‘विलग’. पी एक भाग वेगळी वस्तू करून काढते, ‘पृथक्’. एल माऊसखालच्या भागाला लागून असलेले सारे निवडते, ‘लगत’. ए म्हणजे सगळे, ‘अवघे’. एच म्हणजे दिसेनासे कर; ‘हटव’. यू ही कळ वस्तूची त्वचा सोलून सपाट पसरण्याच्या आज्ञांची यादी उघडते, शिंप्याने सदऱ्याची शिवण काढून कापड पसरावे तशी. तिला मी ‘उलगड’ म्हणतो. एक्स पुसून टाकते, आणि फुली मारणे हे तर तिच्या आकारातच आहे. ई मात्र मला वश झाली नाही. ती पृष्ठभागातून नवा भाग बाहेर ओढते, भिंतीतून कट्टा काढावा तसा. तिच्यासाठी ‘ई’ने सुरू होणारा सोयीचा मराठी शब्द तुम्हांला सुचला, तर शाळेच्या पत्त्यावर जरूर कळवा. मी अजून शोधात आहे.

शिकण्याची रीतही माझ्या अनुभवावरून सांगतो. पहिल्या आठवड्यात फक्त जी, आर, एस, आणि त्यांना लागणारी तीन दिशांची अक्षरे घ्या. पुढे आठवड्याला पाचाहून अधिक कळा घेऊ नका. आज्ञा प्रथम यादीतूनच द्या. तिची लघुआज्ञा तिथे नावासमोर लिहिलेली असते, म्हणजे यादी हीच तुमची शिक्षिका आहे. जी आज्ञा दिवसातून दहादा लागते, तिचीच कळ पाठ करा. महिन्यातून एकदा लागणारी पाठ करण्यात अर्थ नाही. आठवण्यात जो वेळ जातो, त्यात ती नावाने शोधून मिळते, आणि तो शोध एफ ३ या कळेने उघडतो. आज्ञा दिल्यावर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली लहान चौकट येते. आपण काय बोललो ते तिथे आकड्यांसह वाचा. मी ती वाचण्याची सवय लावून घेतली असती, तर खांब वाचले असते. आणि जवळ एक वही ठेवा. कागदाची.

आता आवरते घेतो. सरांची एक आठवण सांगून थांबेन. एकदा मी मडके काढताना एक बाजू काढली, कागद मधोमध दुमडला आणि घासून दुसरी बाजू उमटवली. मडके सुरेख आले. सर कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, आता छडी. ते म्हणाले, “युक्ती चांगली आहे. आता न दुमडता काढून दाखव. मग रोज दुमडलास तरी माझी ना नाही.” मला काढता आले नाही. तो कागद त्यांनी फाडला नाही, मला परत दिला, आणि पुढे वर्षभर त्याविषयी एक शब्द काढला नाही.

आज आमच्या वाड्याच्या प्रतिकृतीत माजघराच्या कोनाड्यात एक मडके आहे. सगळे नातीने घडवले, ते मडके मात्र मी घडवले आहे. एक बाजू केली की दुसरी आपोआप उमटावी, अशी सोय तिथेही आहे. ती मी मुद्दाम वापरली नाही. चार दिवस लागले, आणि मडके किंचित वाकडे झाले आहे. पुढचे मडके मी दुमडून करणार आहे. सरांची परवानगी आता मिळाली, असे मी समजतो.